लीग आणि युनियन एकत्र करायचे, तर टॅकलनंतर चेंडू कोणाचा?

सह्यकडा

रग्बी युनियन १५ जणांची, रग्बी लीग १३ जणांची. चेंडू तोच लांबट, खांब तेच एच आकाराचे, सामना दोन्हीकडे ८० मिनिटांचा आणि हाताने पास मागेच द्यायचा हा मूळ नियमही एकच. तरी संघटना दोन, विश्वचषक दोन, पंचांच्या परीक्षा दोन. हे एकत्र यावे असे माझे ठाम मत आहे. नुसती इच्छा सांगून भागत नाही म्हणून नियमांसकट मांडतो. जाणकारांनी चिरफाड करावी.

फूट खेळावरून पडलीच नव्हती. सामन्यासाठी शनिवारी खाणीत किंवा गिरणीत खाडा झाला तर बुडालेली मजुरी खेळाडूला भरून द्यावी, असा ठराव उत्तर इंग्लंडच्या क्लबांनी १८९३ मध्ये लंडनच्या सभेत आणला. तो २८२ विरुद्ध १३६ मतांनी पडला. २९ ऑगस्ट १८९५ रोजी हडर्सफील्डच्या जॉर्ज हॉटेलात या क्लबांनी वेगळी चूल मांडली आणि भरपाई ठरली दिवसाला सहा शिलिंग. पुढे ऑगस्ट १९९५ मध्ये युनियननेच हौशीपणाची, म्हणजे खेळाडूला पैसे न देण्याची, अट काढून टाकली. ज्या कारणाने घर फुटले ते कारण शंभर वर्षांनी संपले.

त्यानंतर माणसांची ये-जा खुली झाली. २००३ च्या युनियन विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात इंग्लंडचा एकमेव ट्राय (गोलरेषेपलीकडे चेंडू टेकवणे) जेसन रॉबिन्सनचा, तो विगन या उत्तर इंग्लंडमधल्या लीग क्लबात घडलेला. त्या संघाचा बचाव बसवणारे फिल लार्डर लीगचे. अँडी फॅरेल आणि शॉन एडवर्ड्स हेही विगनचेच. नियमही सरकताहेत. २०२१ पासून युनियनमध्ये ५०:२२ आला, म्हणजे आपल्या अर्ध्यातून मारलेली किक टप्पा पडून प्रतिस्पर्ध्याच्या २२ मीटरच्या आत बाहेर गेली तर चेंडू किक मारणाऱ्या संघाचाच. लीगच्या ४०/२० चा (आपल्या ४० मीटरच्या आतून मारून प्रतिस्पर्ध्याच्या २० च्या आत बाहेर) हा सख्खा भाऊ. त्याच वर्षी गोललाइनवरून ड्रॉपआउटही (टप्पा पाडून मारलेल्या किकने खेळ पुन्हा सुरू करणे) आला, तोही लीगकडूनच.

माझा प्रस्ताव असा: १३ खेळाडू. ट्राय ५, कन्व्हर्जन (ट्रायनंतरची गोलकिक) २, पेनल्टी २, ड्रॉप गोल (चालू खेळात टप्पा पाडून मारलेला) १. लाइनआउट (दोन रांगांच्या मध्ये चेंडू फेकून खेळ सुरू करणे) बंद, चेंडू बाजूच्या रेषेबाहेर गेला की स्क्रम, म्हणजे दोन्हीकडच्या फॉरवर्डांनी (पुढच्या फळीच्या खेळाडूंनी) एकमेकांना भिडून चेंडूसाठी रेटणे. स्क्रम सहा जणांचा. टॅकल झाल्यावर, म्हणजे चेंडूवाल्याला धरून पाडल्यावर, लीगसारखे प्ले-द-बॉल (पाडलेला उठून चेंडू पायाने मागे देतो), असे सहा टॅकल, पण उभ्या असलेल्या पहिल्या बचावपटूला चेंडूवर हात घालायची मुभा. दोन्हींतले चांगले ते घेतले आहे.

गोफण

इतिहासाला एक पुरवणी. १८९५ मध्ये दोन्ही बाजू हुबेहूब तोच खेळ खेळत होत्या. वेगळेपण नंतर, तिकीट काढून येणाऱ्या प्रेक्षकासाठी, तारीखवार आले. १८९७ मध्ये लाइनआउट काढला आणि सगळ्या गोलांची किंमत २ केली. १९०६ मध्ये १५ चे १३ झाले आणि टॅकलनंतरचा प्ले-द-बॉल आला. जे दोघे कमी झाले ते फॉरवर्ड, म्हणजे आजचे फ्लँकर, स्क्रमच्या दोन कडांचे. 'रग्बी लीग' हे नाव तर इंग्लंडात १९२२ चे. तेव्हा हे दोन स्वतंत्र खेळ असण्यापेक्षा एकाच खेळाच्या दोन आवृत्त्या आहेत, हे सह्यकडा यांचे म्हणणे पटते.

काळी_माती

भावना पटते, पण प्रस्तावातले शेवटचे कलम मैदानावर दहा मिनिटेही टिकणार नाही. का, ते नीट सांगतो, कारण सगळी गोम तिथेच आहे.

या दोन खेळांत फरक एकच आहे: टॅकल झाल्यावर चेंडू कोणाचा? युनियनचे उत्तर, जो उभा राहून मिळवेल त्याचा. लीगचे उत्तर, ज्याच्याकडे होता त्याचाच. बाकी सगळे नियम या उत्तरांची पिल्ले आहेत.

लीगची साखळी पाहा. १९०६ नंतर चेंडूसाठीची झटापट कमी होत गेली. मग चेंडू ज्याच्याकडे आहे तो संघ सोडतोच कशाला? सिडनीत सेंट जॉर्जने १९५६ ते १९६६ सलग अकरा विजेतेपदे मिळवली ती अमर्याद टॅकलच्या काळात. म्हणून १९६६-६७ मध्ये चार टॅकलची मर्यादा आली. चार फार थोडे पडले, घाईघाईत नुसत्या किका सुरू झाल्या, म्हणून १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला सहा केले. सहाव्यानंतर आधी स्क्रम असायचा, त्यात वेळ जायचा, म्हणून १९८३ मध्ये चेंडू सरळ दुसऱ्या संघाच्या हाती देणे सुरू झाले. आणि चेंडू हिसकावता येत नसेल तर बचाव करणारे एकालाही खाली वाकू न देता सगळे रांगेत उभे राहतात. मग आक्रमणाला जागा कुठून मिळणार? म्हणून दोन मार्कर (टॅकलच्या जागी चेंडूसमोर उभे राहणारे) सोडून बाकीच्यांनी मागे हटायचे, आधी पाच मीटर, १९९०च्या दशकापासून दहा. एका कडीने दुसरी ओढली.

युनियनमध्ये मोजणी नाही, कारण गरज नाही. चेंडू दर टॅकलला जाऊ शकतो हीच मर्यादा. दहा मीटर हटायचे नाही, रकमधल्या शेवटच्या पायामागे राहिले की पुरे.

आता या दोन्हींची खिचडी करून पाहा. सहा टॅकल आहेत आणि चेंडूवर हातही घालता येतो. बचाव दहा मीटर मागे पाठवलेला, म्हणजे हात घालायला जवळ फक्त टॅकल करणारा आणि मार्कर. ते एक-दोनदा चेंडू काढतील. तो वाचवायला आक्रमक आपले दोन-तीन फॉरवर्ड टॅकलपाशी आणणार. ते आले की रक तयार झाला. रक झाला की त्याला ऑफसाइडची रेघ हवी. मग दहा मीटरच्या रेषेवरचा बचावपटू नेमका कुठे उभा राहणार? पंचाने टॅकल मोजायचे, दहा मीटर पाहायचे, की खालचे हात पाहायचे? एका माणसाला तिन्ही जमत नाही. प्रत्येक टॅकलला शिट्टी वाजेल.

रानवारा

सामने पाहतो पण अजून घोळ होतो. रक आणि मॉल यांत नेमका फरक काय?

काळी_माती

रानवारा, चेंडू जमिनीवर असेल आणि त्याच्यावर दोन्ही बाजूंचे उभे खेळाडू एकमेकांना भिडले असतील तर रक. चेंडू खेळाडूच्या हातात असेल, तो उभाच असेल, प्रतिस्पर्ध्याने त्याला धरले असेल आणि त्याच्या संघातल्या निदान एकाने त्याला बिलगून आधार दिला असेल तर मॉल. रकमध्ये एकदा दोन्ही बाजू भिडल्या की नव्याने हाताने चेंडू उचलता येत नाही. मॉल थांबला आणि चेंडू बाहेर आलाच नाही तर स्क्रम, आणि तो बहुधा मॉल सुरू करताना ज्यांच्याकडे चेंडू नव्हता त्यांना मिळतो. लीगमध्ये दोन्ही नाहीत.

सह्यकडा

काळी_माती, हा मुद्दा मान्य. दोन उत्तरांची सरासरी निघत नाही, एक निवडावे लागेल. मी झटापटीचे निवडतो. मग मोजणी गेली, दहा मीटर गेले, प्ले-द-बॉलही गेला. उरते १३ जणांचे, फ्लँकर नसलेले युनियन, ज्यात लाइनआउट नाही.

संख्या कमी करण्याचा आग्रह मात्र सोडणार नाही. मैदान ७० मीटर रुंद. युनियनच्या बचावात आज रकमध्ये एखाददुसराच जातो, मागे किक झेलायला दोन-तीन थांबतात. रांगेत उरतात अकरा, म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला साधारण साडेसहा मीटर. तेवढी जागा एक माणूस आरामात झाकतो, म्हणून चेंडू हवेत मारणे वाढले. दोन कमी केले की रांगेत नऊ आणि वाट्याला पावणेआठ मीटर. दोघांच्या मधल्या फटीतून पळता येते.

निळावंती

सहा जणांच्या स्क्रमबद्दल लिहिते, कारण त्यावर कोणी बोलले नाही.

३-२-१ ची रचना नवी नाही. लीगमध्ये ती अनेक दशके खऱ्या रेटारेटीसह खेळली गेली. आजचा लीगचा स्क्रम नावापुरता आहे, चेंडू सरळ आपल्याच मागच्या रांगेच्या पायांत टाकला जातो. एकत्रित खेळात स्क्रम खरा ठेवायचा असेल तर पुढच्या तीन जागा, म्हणजे लूजहेड प्रॉप, हूकर आणि टाइटहेड प्रॉप, तालमीतच घडवाव्या लागतात. नवख्या माणसाला तिथे उभे केले तर मान जाते. म्हणून आंतरराष्ट्रीय युनियनमध्ये २३ जणांच्या चमूत पुढच्या रांगेचे सहा प्रशिक्षित खेळाडू लागतात आणि ते संपले तर स्क्रम रेट्याविना खेळवतात. 'क्राउच, बाइंड, सेट' हा २०१३ पासूनचा क्रमही त्याचसाठी: आधी वाका, मग पकडा, मग भिडा. पूर्वी अंतर ठेवून धडक मारली जायची ती यामुळे सौम्य झाली.

लीगच्या प्रॉपचे शरीर दुसऱ्या कामाचे असते. पळत येऊन आदळणे, उठणे, मागे हटणे, पुन्हा तेच. त्याला टाइटहेडला उभे करणे धोक्याचे आहे. लीगच्या खेळाडूंना या खेळात आणायचे तर स्क्रमच्या तयारीसाठी किमान एक पूर्ण हंगाम द्यावा लागेल आणि तोवर रेटा दीड मीटरवर थांबवावा लागेल. १९ वर्षांखालच्या युनियनमध्ये तशी दीड मीटरची मर्यादा आहेच, तीच उचलावी.

दुसरी अडचण बदलीची. लीगमध्ये बाहेर गेलेला परत येतो, सुपर लीग या अव्वल लीग स्पर्धेत अशा आठ अदलाबदली मिळतात. युनियनमध्ये डावपेच म्हणून बाहेर काढलेल्याला एरवी परत येता येत नाही, जखमीच्या जागी वगैरे अपवाद सोडून. लीगची पद्धत आणि खरा स्क्रम एकत्र केले तर काय होईल? स्क्रम मिळाला की १३० किलोचा प्रॉप आत, स्क्रम संपला की बाहेर. तेव्हा स्क्रमची शिट्टी झाल्यापासून चेंडू बाहेर येईपर्यंत अदलाबदली बंद, हा नियम पहिल्या दिवसापासून लागेल.

गोफण

निळावंतीताई, उत्तम. त्यात स्क्रमच्या शिक्षेचीही भर घाला. युनियनमध्ये स्क्रम कोसळला की पेनल्टी आणि तीन गुण, त्यामुळे चेंडू खेळवण्याऐवजी पेनल्टीसाठीच स्क्रम खेळले जातात. धोकादायक चूक सोडून बाकी सगळ्याला फ्री किक ठेवावी, तिच्यावरून थेट गुण घेता येत नाहीत. २०२४ पासून फ्री किकऐवजी पुन्हा स्क्रम मागता येत नाही, त्यामुळे ती पळवाटही बंद आहे.

उत्तररात्र

प्रत्यक्षात खेळवून पाहिलेले प्रयोग कोणी आणले नाहीत, म्हणून आणतो.

१९९६ मध्ये लीगचा विगन आणि युनियनचा बाथ हे क्लब दोनदा भिडले. मँचेस्टरच्या मेन रोडवर लीगच्या नियमांनी विगन ८२–६. नंतर ट्विकेनहॅमला युनियनच्या नियमांनी बाथ ४४–१९. त्याच महिन्यात मिडलसेक्स सेव्हन्स या सात जणांच्या युनियन स्पर्धेला विगन गेले आणि करंडक घेऊन आले. २००३ मध्ये युनियनचा सेल आणि लीगचा सेंट हेलेन्स एक अर्धा युनियन, एक अर्धा लीग असे खेळले: सेल ४१–३९. आकडा अटीतटीचा दिसतो, पण आपापल्या अर्ध्यात प्रत्येकाने दुसऱ्याला धुऊन काढले होते. अर्धा-अर्धा म्हणजे एकत्र नव्हे, दोन एकतर्फी सामने एका तिकिटात.

त्याहून बोलकी गोष्ट युद्धकाळातली. युनियनने लीगच्या खेळाडूंवरची बंदी सैन्यापुरती उठवली होती, तेव्हा १९४३ मध्ये हेडिंग्लीला आणि १९४४ मध्ये ब्रॅडफर्डच्या ऑड्सलला लीगवाले विरुद्ध युनियनवाले सामने झाले. दोन्ही युनियनच्या नियमांनी, १५ जणांचे. दोन्ही लीगवाल्यांनी जिंकले, १८–११ आणि १५–१०. तेव्हा माणसे इकडून तिकडे सहज जात. १९९६ ला ते जमले नाही, कारण मधल्या ५० वर्षांत टॅकलची मर्यादा, चेंडू सोपवणे, दहा मीटर हे सगळे आले. काळी_माती यांची साखळी इथे गुणफलकावर दिसते.

सेव्हन्सला विगन का जिंकले तेही पाहा. सात जणांत स्क्रम तिघांचा, रकमध्ये गर्दी नाही, मोकळी जागा भरपूर. माणसे कमी केली की दोन खेळांतले अंतर आपोआप घटते. सह्यकडा यांच्या १३ च्या आग्रहाला हा भक्कम पुरावा आहे.

चिंचगूळ

आपल्याकडचा दाखला द्यायचा मोह आवरत नाही. कबड्डीतही संजीवनी, जेमिनी, अमर असे प्रकार होते. महाराष्ट्रात हुतूतू, दक्षिणेत चेडुगुडू, बंगालात हा-डू-डू. १९५० मध्ये अखिल भारतीय महासंघ झाला आणि संजीवनीची पद्धत, म्हणजे गडी मारला की आपला बाद गडी जिवंत, हीच प्रमाण ठरली. खेळ एक झाला, वाढला, आशियाई स्पर्धेत गेला. पण जेमिनी आणि अमर मोठ्या मैदानांवरून गेले, आणि पंजाबची वर्तुळातली कबड्डी वेगळी ती वेगळीच राहिली. एकीकरणात तिन्ही पद्धती थोड्या थोड्या उरत नाहीत, एक उरते. लीगवाल्यांना हे आधी स्पष्ट सांगायला हवे.

काळी_माती

चिंचगूळ यांच्याशी पूर्ण सहमत.

वेशीवरचा_पिंपळ

मैदानाबाहेरचे गणित मांडतो, कारण प्रस्ताव अडणार तो तिथे.

कोण कोणाला गिळणार, हे देशागणिक उलटे आहे. इंग्लंडात पैसा आणि ८२ हजारांचे स्टेडियम युनियनकडे, लीग मुख्यतः यॉर्कशायर, लँकेशायर आणि हलच्या पट्ट्यात. सिडनी-ब्रिस्बेनमध्ये चित्र बरोबर उलटे, तिथे लीग श्रीमंत आणि युनियनचा मेलबर्नचा व्यावसायिक संघ २०२४ मध्ये बंद पडला. न्यूझीलंड, आयर्लंड, दक्षिण आफ्रिका युनियनचे. पापुआ न्यू गिनीत लीग हाच राष्ट्रीय खेळ, आणि २०२८ पासून त्यांचा संघ ऑस्ट्रेलियाच्या एनआरएल या अव्वल लीग स्पर्धेत यायचा आहे. एकच करार यातल्या कुठल्या दोन देशांना सारखा लागू पडेल?

श्रीमंत आहे म्हणून युनियनकडे सोपवा, असे म्हणणाऱ्यांनी इंग्लंडची क्लबपातळी पाहावी. २०२२ मध्ये वूस्टर आणि वॉस्प्स, २०२३ मध्ये लंडन आयरिश, असे तीन क्लब वर्षभरात कोसळले. दोन तोट्यांची बेरीज नफा होत नाही.

आणि एक जखम फ्रान्सची. वरून हुकूम सोडून एकीकरण एकदाच झाले, ते दुसऱ्या महायुद्धात जर्मनीशी हातमिळवणी केलेल्या विशी राजवटीत. १९४० मध्ये क्रीडा खात्याने लीगने युनियनमध्ये विलीन व्हावे असे ठरवले, डिसेंबर १९४१ च्या फर्मानाने लीगची संघटना बरखास्त करून मालमत्ता जप्त केली. युद्धानंतर खेळ परत आला, पण पुढची चाळीसहून अधिक वर्षे त्याला 'रग्बी' हा शब्द वापरता आला नाही, 'तेरांचा खेळ' म्हणावे लागले. पेर्पिन्याँ आणि कार्कासॉन या फ्रान्समधल्या लीगच्या गावांकडे एकीकरण हा शब्द काढला की हेच आठवते. विगन आणि फेदरस्टोनमध्ये सहा शिलिंग आठवतात. खाणी बंद पडल्या, क्लब राहिले. त्यांच्या गावाची तेवढीच खूण उरली आहे, ती कोणी कराराच्या कागदावर का देईल?

निळावंती

पिंपळ यांचा मुद्दा मोलाचा आहे. पण म्हणून काहीच करू नये असे नाही. नियमांना हात न लावता एकत्र करण्यासारखे बरेच आहे.

डोक्याच्या दुखापतीचा कायदा सर्वांत आधी. इंग्लंडात दोन्ही खेळांच्या माजी खेळाडूंनी मेंदूच्या इजेबद्दल दावे लावले आहेत. डोके तेच, धडक तीच, मग टॅकल किती उंचीपर्यंत वैध, मैदानावरची तपासणी कशी आणि परत खेळायला किती दिवस, हे दोन वेगळ्या पुस्तकांत का असावे? खेळाडूची एकच नोंद हवी. शनिवारी युनियनमध्ये बेशुद्ध पडलेला मुलगा रविवारी लीगमध्ये उतरला, तर आज रविवारच्या पंचाला ते कळण्याची सोय नाही.

हंगाम तर जुळलेलेच आहेत. इंग्लंडात लीग १९९६ पासून उन्हाळ्यात गेली, युनियन हिवाळ्यात. एकच मैदान, एकच कपडे बदलायची खोली, वर्षभर वापर. रेघांचा प्रश्न येतो: लीगला दर दहा मीटरवर रेघ, युनियनला २२ ची, मधल्या रेषेपासून दहाची, शिवाय पाच आणि पंधराच्या तुटक. दोन रंगांत आखले तर चालते, फक्त २० आणि २२ च्या रेघा दोन मीटरवर येतात आणि पावसात पंच हमखास चुकतो. तिथे चालू हंगामाचीच रेघ ठेवावी, दुसरी पुसावी.

रानवारा

आपल्याकडे मुंबईत २०२५ ला जी रग्बी प्रीमियर लीग झाली, ती यातली लीग का?

उत्तररात्र

नाही. नावातली 'लीग' म्हणजे नुसती साखळी स्पर्धा. खेळ युनियनचा, सात जणांचा. भारतात शाळा-जिल्हा पातळीवर शिकवतात ते बहुतेक हेच, कारण ऑलिंपिकमध्ये २०१६ पासून सेव्हन्स आहे. १३ च्या खेळाची परंपरा इथे नाही, त्यामुळे इथे जोडायला काही नाही.

सह्यकडा

सर्वांचे आभार. प्रस्ताव बदलतो. दोन्ही खेळ बंद करून तिसरा उभा करण्याची मागणी मागे घेतो. त्याऐवजी निळावंती यांची यादी आधी, म्हणजे एक वैद्यकीय नियमावली आणि एक नोंदवही, आणि सोबत चाचणी म्हणून तिसरा प्रकार, जसा सेव्हन्स आहे तसा. मैदान १०० बाय ६८, इन-गोल (गोलरेषेमागची जागा) दहा मीटर, रेघा दर दहा मीटरवर. १३ अधिक ६ राखीव, त्यात तीन पुढच्या रांगेचे. आठ अदलाबदली, स्क्रमच्या वेळी बंद. टॅकलनंतर युनियनचा रक. स्क्रम ३-२-१, रेटा दीड मीटर. पेनल्टी २.

एका ठिकाणी अडलो आहे. लाइनआउट नाही, पेनल्टीला दोनच गुण, मग ट्रायजवळ बचाव करणारा मुद्दाम चूक करील. त्याला ती स्वस्तच पडते. लीगमध्ये नवे सहा टॅकल मिळतात ही शिक्षा असते, ती आपण काढली आहे.

काळी_माती

अचूक जागी बोट ठेवलेत. युनियनमध्ये ही शिक्षा पाच मीटरवरचा लाइनआउट आणि मॉल देतो, तोही तुमच्याकडे नाही. तेव्हा २० मीटरच्या आतली दुसरी पेनल्टी, मग ती कोणत्याही खेळाडूची असो, थेट दहा मिनिटे बाहेर. १३ पैकी एक गेला की तुमच्याच हिशेबाने नऊच्या रांगेत आठ उरतात, वाट्याला साडेआठ मीटर. पहिल्या चाचणीत संघ हे करून पाहतीलच, दोनदा बारा जणांनी खेळावे लागले की थांबतील. आणि मोजणी संघाची ठेवा, खेळाडूची नको. नाहीतर दर वेळी वेगळा माणूस चूक करील.

निळावंती

त्यात एवढेच जोडा: बाहेर गेलेला पुढच्या रांगेचा असेल तर राखीव प्रॉप आत यायला हवा आणि त्याच्या बदली दुसरा कोणी बाहेर जायला हवा. नाहीतर त्या दहा मिनिटांत स्क्रम रेट्याविना खेळावे लागतील आणि चूक करणाऱ्याचाच फायदा होईल.